बिशपाची थप्पड

बिशपाची थप्पड खाल्लेली माणसं आता आमच्या गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मी स्वतः ती खाल्लेली नाही. माझी पाळी आली तोवर ती पद्धत बंद झाली होती, आणि त्याची हळहळ मला अजून आहे. पूर्वी दृढीकरणाच्या वेळी बिशप मुलाच्या कपाळाला तेल लावायचे आणि मग गालावर एक हलकी चापट मारायचे. उद्या श्रद्धेपायी मार खावा लागला तर तयारी असू दे, असा तिचा अर्थ. आमच्या म्हाताऱ्यांना त्या दिवसाचा उपदेश आठवत नाही, प्रार्थना आठवत नाहीत. थप्पड मात्र सगळ्यांना आठवते. कुठल्या गालावर, किती जोरात, बोटातली अंगठी लागली की नाही, सगळं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाढे शिकवून निवृत्त झाले. पण या अंकासाठी संपादकांनी कामाच्या आठवणी मागितल्या तेव्हा मला आठवलं ते माझं दुसरं काम. त्याला पगार नाही, बढती नाही आणि निवृत्तीही नाही. रविवारचा मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, संपला की चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मी 'दोतोर्न' घेते, म्हणजे धर्मशिक्षणाचा वर्ग. माझ्या वाट्याला येतात ती चौदा ते सतरा वर्षांची मुलं. त्यांचा एक डोळा माझ्याकडे असतो आणि दुसरा खिडकीबाहेर, मैदानावरच्या क्रिकेटकडे.

ज्यांना आमचं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाप्तिस्मा होतो तेव्हा मूल तान्हं असतं. त्याच्या वतीने 'हो' म्हणतात आईबाप, आणि मूल तेव्हा रडत तरी असतं नाही तर झोपलेलं असतं. तेच 'हो' कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने, बिशपांसमोर म्हणायचं, ते दृढीकरण. जुनी माणसं त्याला क्रिझ्मा म्हणतात. बिशप अंगठ्याने कपाळावर सुगंधी तेलाचा क्रूस काढतात, मूल 'आमेन' म्हणतं, की झालं. हे आयुष्यात एकदाच होतं. त्या वेळी मुलाच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून मागे एक मोठं माणूस उभं असतं. पुरुष असला तर तो पाद्रीन, बाई असली तर मादरीन. हे मूल पुढे वाट चुकलं तर त्याचा कान धरायचा हक्क त्या माणसाला असतो. निदान पुस्तकात तरी तसं लिहिलेलं आहे.

पुस्तकात नसलेल्या गोष्टी आईबाप घेऊन येतात. एक गृहस्थ हॉलच्या दारातूनच म्हणाले, "टीचर, ह्याचा ता क्रिझ्मा उरकून टाका. उद्या लगीन अडूक नको."

"झील केवढो तुमचो?"

"चौदा पुरी झाली."

मुलांचे प्रश्न याहून बरे असतात. एकाने विचारलं, तेल लावल्यावर समुद्रात बुडी मारली तर चालतं का. एकाला जाणून घ्यायचं होतं की पवित्र आत्मा आत शिरला की गुदगुल्या होतात की काय. एक मुलगा वर्षभर गप्प बसून होता. वर्ग संपत आले तेव्हा तो म्हणाला, "टीचर, देव आसा की नाय ताच माका म्हायत नाय. मी काय करू?" मी म्हटलं, पुढच्या रविवारी ये, मलाही रोज खात्री असते असं नाही. तो आला. आता तो मुंबईला असतो आणि नाताळाला न चुकता फोन करतो, पण देवाचं पुढे काय झालं ते सांगत नाही. मला विचारायचा फार मोह होतो.

प्रश्न विचारण्याची खोड मला जन्मजात आहे. माझे यजमान म्हणतात, ही स्वर्गाच्या दारात पोचली की सेंट पीटर हिला विचारायच्या आत हीच त्याला विचारील, किल्ल्या कुठल्या लोखंडाच्या आहेत म्हणून. त्यामुळे माझ्या वर्गाची रीतही तीच पडली. आधी मुलांनी विचारायचं, मग मी शिकवायचं. आणि प्रत्येकाने गावातलं एक जुनं माणूस वर्गात आणायचं, ज्याने थप्पड खाल्ली आहे असं. त्या माणसाला मुलांनी वाटेल ते विचारावं. या रीतीचा मला अभिमान होता. पेद्रूकाका वर्गात आला तोपर्यंत होता, असं म्हणू.

गेल्या खेपेच्या मुलांत मेलिसा नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. हुशार, सरळ नाकाची, आणि प्रश्नांच्या बाबतीत माझ्याही वरताण. बारावीनंतर गोव्याला हॉटेलचं शिक्षण घ्यायचं, मग जहाजावर जायचं, असं तिचं ठरलेलं होतं. दुसऱ्याच रविवारी तिने मला धरलं.

"टीचर, आत्ता हो म्हटला आणि मगे नाय जमला तर?"

"म्हंजे?"

"मी उद्या खंय असतलंय ता माका म्हायत नाय. आणि अख्ख्या आयुष्याचा आताच सांगू? त्यापरास 'जमला तर' असा म्हटला तर चलात काय?"

मी तिला जे छापील उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, कारण ते तिला पटलं नाही आणि मलाही पटलं नव्हतं. इतक्या वर्षांत या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर आलेलंच नाही. दृढीकरण झालं की अर्धीअधिक मुलं रविवारची यायची बंद होतात. शाळेतल्या निरोप समारंभासारखंच होतं ते. फोटो निघतात, खाणं होतं, आणि खुर्च्या आवरायला मी उरते.

मेलिसाचा पाद्रीन कोण, यावरून तिच्या घरात मात्र तेव्हाच भांडण पेटलं होतं. तिची आई लुर्दिन तणतणत माझ्याकडे आली.

"टीचर, तुमी सांगा गो तिका! माझो भाव कुवेतातसून येवक तयार आसा. नवो सूट शिवल्यान हा. आणि ह्या चेडवाक पेद्रूकाको व्हयो! फोटोत कसो दिसतलो तो?"

"फोटोत पाद्रिनाचो फक्त हात दिसता, लुर्दिन."

"हात तरी बघितलास तेचो?"

पेद्रूकाकाचे हात मी बघितले होते. तो सुतार. पंचाहत्तरी उलटली तरी रंधा खाली ठेवलेला नाही, आणि एका बोटाचं टोक कधीच करवतीखाली गेलेलं. वाडीच्या तोंडावर आमचा खुरीस आहे, म्हणजे पांढरा रंगवलेला दगडी क्रूस. मे महिन्यात संध्याकाळी वाडीतले सगळे तिथे जमतात आणि लादीन म्हणतात. ती क्रूसासमोर गायची प्रार्थना. एकाने पुढे उभं राहून एकेक ओळ उचलायची, बाकीच्यांनी मागून साथ द्यायची, आणि शेवटी सगळ्यांना उकडलेले चणे. मी सून म्हणून या वाडीत आले तेव्हापासून ती पहिली ओळ पेद्रूकाकाच उचलतो. मेलिसाचा बाप बोटीवर, वर्षातून दोन महिने घरी. ही पोर चण्यांच्या लोभाने काकाच्या पायाशी येऊन बसायची, आणि बसता बसता तिने त्याचे सगळे सूर उचलले. आता दोघं जोडीने गातात. तेव्हा तिला पेद्रूकाकाच हवा होता, यात मला नवल वाटलं नाही.

तिने त्याला वर्गात आणलं. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग. मुलांसमोर खुर्चीवर बसला आणि डावा गाल पुढे करून म्हणाला, "ह्या गालार! बिशपान माका अशी थप्पड मारल्यान, डोळ्यांफुडे काजवे इले! आठ वर्सांचो होतंय."

मुलं खूष झाली. मग मेलिसाने हात वर केला. प्रश्न साधा होता, माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाने विचारला असता.

"काका, तेल लावल्यानी तेचो वास कसो होतो?"

"तेल? खंयचा तेल?"

"कपाळार लावतत ता."

"माका नाय लावल्यानी तेल-बिल. थप्पड मारल्यानी आणि म्हटल्यानी, 'परत घंटेच्या दोरीक हात लावशीत तर बघ!'"

हॉलमध्ये हशा पिकला. काकाही हसला. मग हळूहळू मुलं गप्प होत गेली, कारण तेलाशिवाय क्रिझ्मा होत नाही हे मीच त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. काकाने मुलांच्या तोंडांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. माझ्या जिभेवर दहा प्रश्न होते. ते बिशपच होते कशावरून? डोक्यावर टोपी होती का? हातात काठी होती का? ते सगळे मी गिळले. काका उठला, शर्ट खाली ओढून नीट केला आणि "येतंय" म्हणून निघून गेला.

मे महिना चालू होता. त्या संध्याकाळी तो लादिनीला आला नाही. पुढे कुणीच नाही म्हणून मेलिसाने पहिली ओळ उचलली आणि दुसऱ्या ओळीत तिचा आवाज गेला. आम्ही कशीबशी प्रार्थना पुरी केली. चणे तसेच टोपात राहिले. दुसऱ्या दिवशीही काका नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मेलिसा माझ्या घरी येऊन पायरीवर बसली.

"मी कित्याक विचारलंय, टीचर?"

"मीच शिकवलंय मगो तुका विचारूक."

"काका नाय तर मी पण नाय घेवचंय क्रिझ्मा."

ज्याचं स्वतःचं दृढीकरण झालेलं नाही त्याला पाद्रीन होता येत नाही, हा नियम. बिशप आमच्याकडे यायला जेमतेम पंधरवडा उरला होता आणि पुढची खेप दोन-तीन वर्षांनी. तोवर ही मुलगी गोव्यात असणार. आणि काका? तो तर मला जन्माचाच हरवल्यासारखा वाटत होता. शेवटी मीच त्याच्या घरी गेले.

तो मांडवात रंधा मारत होता. मला बघून थांबला नाही.

"पेद्रूकाका, लादिनीक येय नाय तुमी."

"जेचो क्रिझ्मा नाय तेना फुडे कित्याक उबा रवाचा?"

"असा कोण म्हणता?"

"कोणी म्हणूक नको. मी काय खुळो आसंय?" त्याने रंधा ठेवला. "सिसिल, माका क्रिझ्माचा वायट वाटणा नाय. आवस माका घेवन गेली. तेदवा पूल नाय, होडयेतसून खाडी उतरान जावचा. थय माका थप्पड बसली. आणि आवशीन माझो हात धरल्यान आणि सांगल्यान, 'झाला रे पुता, झाला.' तिना सांगल्यान म्हणान झाला! आता तुमी म्हणतास नाय झाला. म्हंजे माझी आवस खोटी?"

त्या काळचे चर्चचे कागद वाळवीने कधीच खाल्लेले. मी फादरांकडे गेले. आमचे फादर तरुण, बाहेरगावचे; त्यांना मालवणी समजते पण बोलायला गेले की आम्हाला हसू येतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांना तेलाचा वास देऊन बघू या का?" मला हे फार आवडलं. वास हा माणसाच्या डोक्यात कुठे दडून बसतो कोण जाणे. माझ्या आईच्या पेटीतल्या डांबरगोळ्यांचा वास आला की मी आजही सहा वर्षांची होते.

काका आला. फादरांनी कपाटातून चांदीची छोटी कुपी काढली आणि झाकण उघडलं. क्रिझ्माचं तेल म्हणजे जैतुनाच्या तेलात घातलेला सुगंधी डिंकाचा अर्क. बिशप ते वर्षातून एकदा पवित्र करतात. काकाने डोळे मिटून कितीतरी वेळ वास घेतला.

"नाय," तो म्हणाला. "म्हायत नाय ह्यो वास." मग थोड्या वेळाने, "पण नाकाचो तरी भरोसो काय?"

"बरोबर," फादर म्हणाले. "म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही. अशा वेळेसाठी चर्चमध्ये एक सोय आहे, काका. संस्कार अट घालून करता येतो. 'तुझं दृढीकरण आधी झालेलं नसेल, तर' असं म्हणून तेल लावायचं. आधी झालेलं असेल, तर ते तसंच राहतं. तुमच्या आईचा शब्द खोटा पडत नाही."

मी इतकी वर्षं दोतोर्न शिकवते, पण ही सोय मला ठाऊक नव्हती. काकाने फादरांना ते तीनदा सांगायला लावलं. मग त्याचा चेहरा सैल पडला. "मगे चलात," तो म्हणाला. पुढची अडचण त्याचीच त्याला सुचली. "माझ्या मागे कोण उबो रवतलो?"

अशा रीतीने माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा धर्मपुत्र माझ्या पदरी पडला. त्याला मी चार दिवस संध्याकाळी शिकवलं. एवढा उतावळा विद्यार्थी मला कधी मिळाला नव्हता. दर दोन वाक्यांनंतर तो म्हणायचा, "ता माका म्हायत आसा, फुडे सांग," आणि खरंच त्याला ते माहीत असायचं.

बिशप आले त्या दिवशी गावभर पताका होत्या. बँड होता. लुर्दिनचा भाऊ कुवेतहून सुटासकट हजर होता, आणि तो मोठ्या मनाने फोटो काढायच्या कामाला लागला होता. वेदीपुढे रांग लागली. सगळ्यांत पुढे पेद्रूकाका, लग्नातल्या काळ्या कोटात. त्याच्या मागे मी. आमच्या मागे मेलिसा, पांढऱ्या झग्यात, ओठ घट्ट मिटून. तिच्याकडे बघून मला कळेना की ही पुढे जाऊन 'आमेन' म्हणणार की मागच्या दाराने पळणार. मामालाच उभं करा, असं ती शेवटपर्यंत म्हणाली नव्हती, आणि मी घेते असंही म्हणाली नव्हती.

फादरांनी बिशपांच्या कानात अटीचं सांगितलं. बिशपांनी मान हलवली, अंगठा तेलात बुडवला. मी काकाच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला.

"पेद्रू, तुझं दृढीकरण आधी झालेलं नसेल, तर..."

"बिशप, वायच थांबा."

बिशपांचा अंगठा हवेतच राहिला.

"अट काढा ती," काका म्हणाला. त्याचा लादिनीचा आवाज. हळू बोलायचं म्हटलं तरी शेवटच्या बाकापर्यंत जातो. "माका म्हायत आसा. वर्गात चेडवान विचारल्यान तेदवाच माका सगळा आठावला, पण तोंडातसून भायर पडणा नाय होता. होडी आमची चिखलात लागली. ओहोटी होती. पाणी येयसर आमी खाडयेत बसान रवलव. हय येवन बघतव तर सगळा संपलेला, लोक जेवतत. आवस माझी रडाक लागली. मी घंटेच्या दोरीक लोंबाकळलंय म्हणान एका फादरान माका थप्पड मारल्यान. आवशीन बघितल्यान, आणि डोळे पुसून माका सांगल्यान, 'झाला रे पुता.' मी रडू नये म्हणान सांगल्यान. देव तिका काय ता बघून घेयत. पण माका 'तर' नको. माका सरळ लावा."

बिशपांनी अंगठा पुन्हा तेलात बुडवला आणि अटीशिवाय, जसं शाळकरी पोराला लावतात तसं, काकाच्या कपाळावर तेल लावलं. काका "आमेन" म्हणाला. माझे डोळे भरून आले होते, ते मी लपवले नाहीत. मग काका तसाच उभा राहिला, डावा गाल पुढे करून. बिशपांना आधी उमगेना. मी मागून पुटपुटले, "थप्पड." बिशप हसले आणि त्यांनी दोन बोटांनी त्या गालाला हलकेच स्पर्श केला.

"पयली जास्त लागलेली," काका म्हणाला. मग वळला, मेलिसाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि आपला तुटक्या बोटाचा हात तिच्या खांद्यावर ठेवला.

मेलिसा पळाली नाही. तिचं 'आमेन' मला नीट ऐकू आलं, शेवटच्या बाकालाही आलं असणार. तिला प्रश्नाचं उत्तर मिळालं की तिने ते उत्तराशिवायच म्हटलं, हे मला ठाऊक नाही. पुढे कधीतरी विचारीनच.

तेल लावून झालं की फादर कापसाने कपाळ पुसतात. काकाने त्यांचा हात बाजूला केला आणि पुसू दिलं नाही. हॉलमध्ये पॅटिस आणि केक वाटायला सुरुवात झाली, तेव्हा तो दिसेना. मी चर्चच्या मागे गेले. तो कबरस्तानात होता, कोपऱ्यातल्या एका जुन्या चिऱ्याच्या क्रूसापाशी. गुडघ्यांवर बसताना त्याचा तोल जात होता, म्हणून मेलिसाने मागे उभं राहून त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला होता. तो वाकला, तेलाचं कपाळ त्याने दगडाला टेकवलं, आणि लहान पोराने सांगावं तसं म्हणाला,

"आये, झाला गो."